न दिसलेल्याचीही नोंद

गोरेगाव (पूर्व)

चि. मनू,



प्रोजेक्टवर तुझी निवड झाल्याचं तुझ्या आईकडून कळलं आणि पाठोपाठ तुझा प्रश्नही आला: मावशी, फील्डवर जायच्या आधी काय वाचू? वाचायची यादी तुझे सर देतीलच. मी तुला रानपिंगळ्याची गोष्ट सांगते. थोडी तुला ठाऊक असेल, पण ती बहुतेक जण ‘हरवलेला पक्षी सापडला’ एवढ्यावरच संपवतात. आपल्या कामाचं मर्म त्याच्या अलीकडे आहे.

या छोट्या घुबडाचं शास्त्रीय वर्णन ह्यूम या पक्षितज्ज्ञाने 1873 साली केलं. पुढे जेम्स डेव्हिडसन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने खानदेशातून काही नमुने जमवले. 1884 नंतर मात्र पक्ष्याचा पत्ताच नाही. मध्ये एकच नोंद होती: 1914, गुजरातेतलं मांडवी, नमुना मिळवणारे कर्नल रिचर्ड मायनर्ट्झहागेन. मोठं नाव. लष्करी अधिकारी, पक्षितज्ज्ञ, कोणाला शंका यायचं कारण नाही. या नोंदीमुळे पक्षी विसाव्या शतकातही गुजरातेत होता असं धरून चालत. नव्वदच्या दशकात पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी नायजेल कॉलर यांच्यासोबत तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा कळलं की तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला डेव्हिडसनचाच पक्षी होता. उसवून, पुन्हा भरून, शिवून त्याला नवी चिठ्ठी बांधलेली. ती खोटी चिठ्ठी बाजूला काढल्यावर उरल्या त्या जुन्या, खऱ्या चिठ्ठ्या. त्यांच्यावरची गावं धरून शोध सुरू झाला. छत्तीसगडकडे हाती काही लागलं नाही. मग नोव्हेंबर 1997 मध्ये आपल्या नंदुरबारकडच्या शहाद्याजवळ, भर दिवसा, निष्पर्ण झाडावर बसलेला रानपिंगळा रासमुसेन यांच्या चमूला दिसला. एकशे तेरा वर्षांनी.

मायनर्ट्झहागेनचा राग मला आजही येतो. पण तुला सांगायचंय ते डेव्हिडसनबद्दल. त्या माणसाने कधी काळी दौऱ्यावर असताना तारीख आणि ठिकाण नीट लिहून ठेवलं, म्हणून शंभर वर्षांनी कोणीतरी योग्य तालुक्यात जाऊन उभं राहिलं. तू जीपीएसवर बोट टेकवून पाच सेकंदांत तेच करणार आहेस. सोपं झालंय म्हणून हलकं समजू नकोस. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या (बीएनएचएस) हॉर्नबिल हाऊसमध्ये गेलीस तर संग्रहातले पक्षी बघच, पण त्यांच्या पायाच्या चिठ्ठ्या जास्त वेळ बघ.

गोष्ट तिथे संपत नाही. शहाद्यानंतर लोक शोधू लागले आणि तोरणमाळ, यावल, मेळघाट असा पक्षी सापडत गेला. 2014 साली तर तो तानसा अभयारण्यात दिसला, म्हणजे आपल्या नळाला ज्या तलावाचं पाणी येतं त्याच्या काठच्या जंगलात. 2018 मध्ये त्याचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ असा एक पायरी उतरला. पक्षी वाढले म्हणून नव्हे. शोधणारे वाढले म्हणून. एखाद्या प्रजातीच्या आढळाचा नकाशा समोर आला की आधी हेच विचार: हा प्राण्याचा नकाशा आहे की माणसांचा?

आपल्या आरे दूध वसाहतीचं बघ. सगळ्या नोंदी नकाशावर टाकल्यास तर ठिपके मुख्य रस्त्याच्या कडेने, छोटा काश्मीरभोवती आणि फिल्मसिटीला लागून असलेल्या बीएनएचएसच्या केंद्राजवळ दाटीने बसतील. बहुतेक हिवाळ्यातले, त्यातही रविवार सकाळचे. पाड्यांमागच्या ओढ्यात, जुलैच्या चिखलात, मंगळवारी संध्याकाळी कोण जातं? आता हेच ठिपके तू संगणकाला दिलेस, सोबत पाऊस, उंची आणि झाडोऱ्याचे थर दिलेस, की तो सुंदर रंगीत नकाशा काढून देईल. नकाशा काढणाऱ्या मॅक्सएन्ट प्रोग्रॅमला तुझ्या रविवारांची काय कल्पना? त्याला वाटेल या पक्ष्याला डांबरी रस्ता फार आवडतो. आकडेमोडीत तुमची पिढी आमच्यापेक्षा पुष्कळ पुढे आहे, आणि ती शीकच, आर ही संगणकभाषा आल्याशिवाय आता कोणी दारात उभं करत नाही. पण नकाशात लाल रंग जिथे सगळ्यात गडद दिसेल, तिथे स्वतः चालत जाऊन ये. आणि जिथे रंगच नाही, तिथे आधी जा.

म्हणून तुझ्या वहीत एक रकाना असा हवा की गेले, एवढा वेळ थांबले, काही दिसलं नाही. हा रकाना भरायचा कंटाळा येतो. संध्याकाळी दमून आल्यावर शून्य लिहिणं जिवावर येतं आणि ते पान वाया गेल्यासारखं वाटतं. तरी लिही. तुझ्या शून्यामुळेच पुढच्या माणसाला कळेल की तिथे पक्षी नव्हता, का बघणारंच कोणी नव्हतं.

बरं, या वह्या कोण वाचणार असं मनात येईल. 2010 साली आरे दूध वसाहतीतून एका नव्या विंचवाचं वर्णन झालं, नावातही आरे आहे, आरेयेन्सिस. महापालिकेच्या हद्दीत, तबेल्यांच्या शेजारी, शास्त्राला ठाऊक नसलेला प्राणी राहत होता. आणि 4 ऑक्टोबर 2019ला उच्च न्यायालयाने झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या त्या रात्रीच मेट्रो कारशेडसाठी तिथली झाडं तोडायला सुरुवात झाली. 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत दोन हजारांहून अधिक पडली होती. यादी असली की जंगल वाचतं, असं मी तुला सांगणार नाही. पण वाद होतो तेव्हा तुझी यादी अनोळखी माणसांच्या हातात जाते, आणि ते पहिलं विचारतात: कधी, कुठे, कोणी पाहिलं? ‘या परिसरात आढळतो’ हे वाक्य त्या प्रश्नापुढे उभं राहत नाही. कोणी कन्सल्टन्सीवाला तुला दोन दिवसांत पावसाळ्यासकट तिन्ही ऋतूंची यादी मागेल. पैसे बरे असतील. नाही म्हण.

‘कोणी पाहिलं’ यावरून आणखी एक. 2015 मध्ये शेजारच्या संजय गांधी नॅशनल पार्कमध्ये आणि आसपास कॅमेरा ट्रॅप लावून ठिपक्यांच्या नक्षीवरून बिबटे ओळखले, तेव्हा 35 मोजले गेले. शहरातल्या पुष्कळांना याचं नवल वाटलं असेल. पाड्यांतल्या वारली लोकांना त्यात विशेष काही वाटलं नसणार. त्यांच्याकडे वाघोबाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीये. बिबट्या कुठल्या नाल्याने उतरतो, घोरपड कुठे ऊन खाते, हे तुला तिथली माणसं सांगतील, आणि ते तुझ्या ट्रान्सेक्टवरच्या मोजणीच्या आधी सांगतील. त्यांना वाटाड्याची मजुरी देऊन मोकळी होऊ नकोस. माहिती त्यांची असेल तर त्यांना विचारून शोधनिबंधात त्यांचं नाव घाल, आणि निष्कर्ष आले की पाड्यावर जाऊन मराठीत सांगून ये. वनरक्षकाचंही तेच. परवानगीचा कागद साहेब देतात, पण जंगलात तुला तोच सोबत करणार आहे.

आता पैशांचं, कारण तुझी आई मला तेच विचारते. या क्षेत्रात लोक सालिम अलींचं उदाहरण देऊन तरुण मुलांना फुकट राबवतात. त्यांनी संस्थानांमधली पक्षी-सर्वेक्षणं फक्त खर्चाच्या मोबदल्यात केली हे खरं आहे. पण त्यांच्यामागे पत्नी तहमिना होत्या, किहीमचं घर होतं. तुझ्यामागे गोरेगावातल्या वन बीएचकेचा हप्ता आहे. जेआरएफची संशोधनवृत्ती 2023मध्ये महिना 37,000 रुपये झाली, तिची परीक्षा दे. प्रोजेक्टचे पैसे अडकतात, तेव्हा तीन-चार महिन्यांचा खर्च बँकेत असू दे. कराराचा कागद सहीशिवाय स्वीकारू नकोस, आणि फील्डवर अपघात झाला तर उपचाराचं कोण बघणार हे रुजू व्हायच्या आधी विचार. विचारलेलं त्यांना आवडणार नाही. आणि एकटी मुलगी कुठल्या रानात मुक्कामाला जाते याची एक नोंद घरी ठेवायची, यात कमीपणा नाही. मी पन्नाशीतही ठेवायचे.

माझी दुर्बीण तुला देणार नाही, अजून मला लागते. जुन्या वह्या मात्र ने. त्यांतल्या आरेच्या नोंदी संगणकावर चढवायच्या राहिल्यात, आणि माझं अक्षर तुला वाचता येईना तर फोन कर. अंदाजाने काही भरू नकोस.

तुझी,
मावशी