खिडकीतून गणपत गल्ली

१८९७ साली चित्रकार कामीय पिसारो पॅरिसच्या एका हॉटेलात खोली घेऊन राहिला. डोळ्याच्या जुन्या दुखण्यामुळे उघड्यावरचा धूळ-वारा सोसत नव्हता. खिडकीशी बसून त्यानं खालचा बुलेव्हार मोंमार्त्र हा रस्ता १४ वेळा रंगवला. बेळगावची गणपत गल्ली जलरंगात रंगवायची तर हीच रीत धरा. रस्त्यात स्टूल टाकलंत तर समोर नुसत्या पाठी दिसतात.

आधी माडीवरची खिडकी मिळवा. ‘काकू, दोन तास बसू काय?’ एवढं पुरतं. के. बी. कुलकर्णी आणि रवी परांजपे या चित्रकारांच्या गावात चित्रासाठी खिडकी मागायला लाजू नये. गल्लीची एक बाजू सावलीत असेल अशी वेळ निवडा.

३०० जीएसएमचा ११ × १५ इंची कागद बोर्डावर टेपनं चिकटवा. २बी पेन्सिलीनं पहिली रेघ तुमच्या डोळ्याच्या उंचीची. ती वरच्या बाजूला घ्या, रस्त्याला जागा मिळते. समोरच्या माडीचा कठडा त्या रेघेच्या वर जातो की खाली, हे नीट पाहा. इथं चूक झाली की सगळी गल्ली कलंडते. रस्त्यावरची सगळी डोकी या रेघेखालीच. लांबची माणसं रेघेकडे सरकत बारीक होतात. खिडकीखालचा माणूस म्हणजे डोकं, खांदे आणि इवलेसे पाय.

यलो ऑकरचा पातळ हात उन्हाच्या भागावर द्या. पांढरी टोपी, स्टीलचं भांडं कोरं सोडा. पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात फार वेळ लागतो, तरी घाई नको.

आता सावली: अल्ट्रामरीनमध्ये थोडा बर्न्ट सिएना. घरं, छपऱ्या, गाडे आणि त्यांच्यापुढची माणसं एकाच ओल्या पट्ट्यात जोडून टाका. गर्दी इथंच तयार होते. सुटी सुटी माणसं काढलीत तर रांग दिसते, बाजार नाही. वाळल्यावर वरून डोक्यांचे ठिपके ठेवा, मानेपाशी केसाएवढी फट सोडून. एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड काढा, माणूस चालायला लागतो.

पाट्यांवरची कानडी-मराठी अक्षरं लिहू नका. रंगाची पट्टी बस्स.

शेवटी एकच माणूस नीट रंगवा. मी फुलवाली घेते: वाकलेली मान, हिरवा पदर, टोपलीत अबोलीचा एक भगवा ठिपका. तो ठिपका जाड रंगाचा, पाण्याशिवाय. मग ब्रश धुवा आणि कागदामागं तारीख-वेळ लिहा. पुढच्या खेपेला हीच खिडकी, संध्याकाळी.