निघण्याआधीची तयारी
मिशनरी कुटुंबांचा एक अभ्यास

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी उपासनेनंतर आमच्या शेजारचे काका आणि काकू आमच्या घरी आले. काका शिक्षक, काकू परिचारिका. दोघेही नोकरी सोडून पूर्णवेळ मिशनरी म्हणून पूर्व आफ्रिकेत जाणार, ही बातमी त्यांनी सांगितली. बरोबर दोन मुले : मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत. आजी मात्र नागपुरातच राहणार. घरात सर्वांना आनंद झाला. आईने चहा ठेवला, बाबांनी प्रार्थना केली. चहा चालू असताना ती आठवीतली मुलगी माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "ताई, सगळे म्हणतात देवानं बोलावलं. आईबाबांना बोलावलं असेल. मला तर कोणी विचारलंच नाही."

मला तिला उत्तर देता आले नाही. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मिशनऱ्यांविषयी मी पुष्कळ वाचले होते. त्यांच्या शाळा, छापखाने, दवाखाने, व्याकरणे यांची माहिती परीक्षेत लिहिली होती. परंतु ही माणसे घरून निघाली तेव्हा त्यांच्या घरात काय चालले होते, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्या मुलीच्या बोलण्याने तो पडला. प्रस्तुत लेखात मी आपल्या मराठी मुलखाशी संबंध आलेल्या तीन मिशनरी कुटुंबांचा या दृष्टीने विचार करणार आहे. धर्मप्रसार योग्य की अयोग्य, हा या लेखाचा विषय नाही. त्यावर मतभेद आहेत आणि राहतील. परदेशी जाण्याची तयारी म्हणजे नेमके काय, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे.

१. कॅरे कुटुंब : संमतीचा प्रश्न

मराठीच्या अभ्यासकाला विल्यम कॅरे हे नाव नवीन नाही. १८०५ साली त्यांचे मराठी व्याकरण सेरामपूर येथून प्रसिद्ध झाले आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश निघाला. त्या कोशातील मराठी शब्द मोडी लिपीत छापलेले आहेत. बंगालमध्ये बसून मराठीची एवढी सेवा करणाऱ्या या गृहस्थांबद्दल आपल्याला आदर वाटतो, आणि तो योग्यच आहे.

परंतु त्यांच्या पत्नीचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? तिचे नाव डोरोथी. १७८१ साली इंग्लंडमधील एका खेड्यात दोघांचे लग्न झाले. कॅरे तेव्हा चांभारकाम शिकत होते. लग्नाच्या नोंदीत डोरोथीने सहीच्या जागी फुली काढली, कारण तिला लिहिता येत नव्हते. पुढे कॅरे यांनी स्वतःच्या कष्टाने अनेक भाषा आत्मसात केल्या, ते धर्मोपदेशक झाले, आणि ऑक्टोबर १७९२ मध्ये केटरिंग गावी बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली. दुसऱ्याच वर्षी कॅरे यांनी हिंदुस्थानात जाण्याचे ठरविले.

डोरोथीने नकार दिला. पदरात लहान मुले होती आणि ती पुन्हा गरोदर होती. तेव्हा थोरल्या फेलिक्सला बरोबर घेऊन कॅरे निघाले. पण कंपनी सरकारचा परवाना नव्हता, सोबतीच्या डॉक्टर थॉमस यांच्यावर कर्ज होते, त्यामुळे दोघांनाही जहाजावरून उतरावे लागले. दुसरे जहाज मिळेपर्यंत काही आठवडे गेले. तेवढ्यात डोरोथी बाळंत झाली होती. तिला पुन्हा गळ घालण्यात आली. शेवटी, आपली धाकटी बहीण बरोबर येत असेल तर आपण येऊ, असे तिने कबूल केले. घर आवरायला तिला धड एक दिवसही मिळाला नाही. १३ जून १७९३ रोजी चार मुलगे, त्यांतला एक तान्हा, घेऊन हे कुटुंब एका डॅनिश जहाजातून निघाले आणि नोव्हेंबरमध्ये कलकत्त्यास पोहोचले.

पुढची हकीकत दुःखाची आहे. १७९४ साली पाच वर्षांचा पीटर आमांशाने गेला. त्यानंतर डोरोथीचे मन बिघडले ते सुधारलेच नाही. १८०७ च्या डिसेंबरमध्ये तिचा मृत्यू झाला. म्हणजे ज्या काळात शेजारच्या खोलीत मराठीचे व्याकरण तयार होत होते, त्याच काळात या घरात एक स्त्री वेडाने ग्रासलेली होती. मी हे कॅरे यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. हवामान, गरिबी, मुलाचा मृत्यू अशी अनेक कारणे एकत्र आली. परंतु तयारीच्या वहीत पहिल्या पानावर जो प्रश्न असावयास हवा, तो येथे शेवटी आणि घाईघाईने विचारला गेला, हे नाकारता येत नाही.

२. हॉल कुटुंब : मुलांचा प्रश्न

महाराष्ट्रातील अमेरिकन मराठी मिशनचे आद्य मिशनरी गॉर्डन हॉल यांना ६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेतील सेलम येथे इतर चार तरुणांबरोबर दीक्षा मिळाली. ११ फेब्रुवारी १८१३ रोजी हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईस पोहोचले. कंपनी सरकार त्यांना परत पाठविण्याच्या विचारात होते. मोठ्या खटपटीनंतर त्यांना राहू देण्यात आले. नॉट प्रकृती बिघडल्याने लवकरच परतले. हॉल राहिले, मराठी शिकले, आणि १८१६ साली मुंबईतच त्यांनी लग्न केले.

येथे निघण्याच्या वेळी कुटुंब नव्हते, ते नंतर झाले. त्यामुळे प्रश्नही नंतर आला. मुलांची प्रकृती इथल्या हवेत टिकेना. १८२५ साली हॉल यांच्या पत्नी दोन मुलांना घेऊन अमेरिकेस निघाल्या. थोरला मुलगा वाटेत जहाजावरच दगावला. हॉल कामासाठी मागे राहिले होते. २० मार्च १८२६ रोजी, नाशिकहून परतत असताना, पटकीने त्यांचा अंत झाला. त्या कुटुंबाची पुन्हा गाठ पडली नाही.

अशी ताटातूट त्या काळच्या मिशनरी घरांत नेहमीची होती. मुले सहा-सात वर्षांची झाली की त्यांना मायदेशी नातेवाइकांकडे किंवा वसतिगृहात पाठवीत. आईबापांना हा त्याग वाटे. मुलांना काय वाटत असेल, याची नोंद ठेवण्याची पद्धत नव्हती. आज विमानाने एका दिवसात जाता-येता येते, फोनवर चेहरा दिसतो. तरीही आठवीतल्या मुलीची शाळा, तिची भाषा, तिच्या मैत्रिणी आणि तिची आजी ही तिची सारी दुनिया असते. ती एका पेटीत भरून नेता येत नाही.

३. हिस्लॉप : आपल्या नागपूरचे उदाहरण

आपल्या नागपूरकरांना हिस्लॉप हे नाव महाविद्यालयामुळे परिचित आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ते नाव १८८३ साली स्थापन झालेल्या त्या महाविद्यालयाला मिळाले, ते स्टीफन हिस्लॉप ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी जन्मले. लहानपणापासून दगड, शंखशिंपले व जीवाश्म गोळा करण्याचा त्यांना नाद होता. पुढे त्यांनी धर्मशास्त्राचा अभ्यास केला. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली आणि फ्री चर्च वेगळे निघाले. शेकडो पाळकांनी पगार आणि राहती घरे सोडली. हिस्लॉप या नव्या चर्चमध्ये होते. हिंदुस्थानातील स्त्रीशिक्षणासाठी स्कॉटलंडमध्ये स्त्रियांची एक संस्था होती. तिचे चिटणीस म्हणून त्यांनी काम केले, म्हणजे येथे येण्याआधीच येथल्या कामाशी त्यांचा संबंध आला होता. १८४४ साली इरॅस्मा हल यांच्याशी त्यांचे लग्न झाले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात हे नवविवाहित जोडपे मुंबईस उतरले. फेब्रुवारी १८४५ मध्ये ते नागपुरास आले.

त्या वेळचे नागपूर म्हणजे तिसऱ्या रघूजी भोसल्यांची राजधानी. आगगाडी नव्हती. ती १८६७ साली आली. कामठीला इंग्रजांची छावणी होती. जवळच्या गोंड मुलखात काही जर्मन मिशनऱ्यांनी थोड्याच वर्षांपूर्वी ठाणे मांडले होते, परंतु अल्पावधीत त्यांतील बहुतेक जण रोगाला बळी पडले. उरलेल्यांपैकी दोघे पुढे हिस्लॉप यांना येऊन मिळाले. उत्साह पुष्कळ पण प्रदेशाची माहिती कमी, अशी तयारी किती महाग पडते हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते.

हिस्लॉप यांनी आल्याबरोबर मराठी शिकण्यास आरंभ केला. १८४६ साली शहरात शाळा काढली. १८४७ साली रॉबर्ट हंटर त्यांना येऊन मिळाले आणि दोघांनी मिळून नागपूर परिसराच्या भूगर्भाचा अभ्यास केला. तो लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पण मला त्यांचे सर्वांत मोठे काम वेगळेच वाटते. गोंड लोकांची भाषा, चालीरीती आणि गीते त्यांनी परिश्रमाने टिपून ठेवली. लिंगोची कथा, जी गोंडांच्या उत्पत्तीची कथा होय, ती त्यांनी एका परधानाच्या तोंडून उतरवून घेतली. हे सर्व कागद त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ साली, सर रिचर्ड टेंपल यांनी संपादून प्रसिद्ध केले.

सांगायला आलेला माणूस वर्षानुवर्षे ऐकत बसला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. लहानपणी दगड उचलून बारकाईने पाहण्याची जी सवय लागली, तीच पुढे माणसांचे ऐकून घेण्याच्या कामी आली असावी. ही तयारी निघण्याआधीच्या महिन्यात होत नसते. ती स्वभावात असावी लागते.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून आणि तेथील शाळेची परीक्षा घेऊन हिस्लॉप घोड्यावरून परतत होते. वाटेतल्या नाल्याला पूर आला होता. त्यात ते वाहून गेले. वयाची सेहेचाळीस वर्षे पूर्ण होण्यास चार दिवस उरले होते.

४. दिशा बदलली

वरील तिन्ही कुटुंबे पश्चिमेकडून इकडे आली. आज येथली कुटुंबे बाहेर जात आहेत. हा बदल एकाएकी झालेला नाही. २५ डिसेंबर १९०५ रोजी सेरामपूर येथे नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली. भारतीय माणसे, भारतीय पैसा आणि भारतीय नेतृत्व हे तिचे तत्त्व होते. तिच्या संस्थापकांपैकी व्ही. एस. अझरिया यांनी १९१० साली एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेत परदेशी मिशनऱ्यांना स्पष्टपणे सांगितले की, तुमच्या त्यागाबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत, पण आम्हाला बरोबरीची मैत्री हवी आहे. आपल्या नागपुरातच २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. ज्या शहरात हिस्लॉप दांपत्य परके म्हणून आले, त्याच शहरातून एक कुटुंब आता परके होण्यासाठी निघाले आहे. अझरियांनी जे आलेल्यांना सांगितले, ते आता जाणाऱ्यांनी स्वतःला सांगावयाचे आहे.

५. निष्कर्ष

या अभ्यासातून मला तयारीच्या तीन गोष्टी दिसतात.

पहिली, घरातल्या प्रत्येकाला विचारणे. पाचारण एकाला झाले तरी प्रवास सर्वांचा असतो. विचारणे याचा अर्थ निर्णय सांगून मान डोलवून घेणे असा नाही. नकार ऐकण्याचीही तयारी ठेवणे, असा आहे.

दुसरी, मागे राहणाऱ्यांची सोय. आजीचे औषध कोण आणणार, मुलांचे शिक्षण कोणत्या भाषेत होणार, प्रकृती बिघडली तर परत येण्याची वाट मोकळी आहे ना, हे प्रश्न अविश्वासाचे नाहीत. हॉल कुटुंबाची हकीकत वाचल्यावर ते जबाबदारीचे वाटतात.

तिसरी, ऐकण्याची सवय. ज्यांच्याकडे जावयाचे त्यांची भाषा आणि त्यांच्या गोष्टी आधी शिकाव्यात, मग आपली सांगावी.

हे टिपण मी काकूंना वाचून दाखविले. डोरोथीचा भाग आला तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. नंतर एवढेच म्हणाल्या, "वही ठेवून जा गं माझ्याकडे." त्यानंतरच्या आठवड्यात त्यांच्या घरी रात्री उशिरापर्यंत दिवा दिसे. पुढे कळले की चौघे आणि आजी मिळून रोज जेवणानंतर बसत. मुलगी पहिले दोन दिवस नुसती रडली, तिसऱ्या दिवशी बोलली. जाण्याचा विचार त्यांनी सोडलेला नाही, पण निघण्याची तारीख तिच्या दहावीच्या परीक्षेनंतर ढकलली आहे. आजी तोवर कोणाकडे राहावयाचे ते स्वतः ठरविणार आहे.

घरात सध्या स्वाहिली भाषेचे पुस्तक आले आहे आणि काकू रोज दहा शब्द पाठ करतात. मुलीने अजून होकार दिलेला नाही. परवा ती मला म्हणाली, "ताई, मी आईचे शब्द तपासून घेते. जायचं की नाही ते मग सांगीन." मला वाटते, या कुटुंबाची खरी तयारी आता सुरू झाली आहे.