मुलींचा बास्केटबॉल

होटगी हे रेल्वेचे जंक्शन. सोलापूर इथून जवळ. आपल्या पोरी तिकडे कॉलेजला जातात. कॉलेजा-कॉलेजांत मुलींचे बास्केटबॉलचे सामने होतात. हा खेळ कसा असतो, ते आपण पाहू.

१८९१ साली अमेरिकेत नेस्मिथ मास्तरांनी हा खेळ काढला. उंचावर टोपल्या टांगल्या. त्यांत चेंडू टाकायचा. इंग्रजीत टोपलीला बास्केट म्हणतात. १८९६ साली तिथल्या दोन कॉलेजांच्या मुली पहिल्यांदा एकमेकींशी खेळल्या. तेव्हा बघायला पुरुषांना मनाई होती!

आता टोपलीच्या जागी लोखंडी कडे असते. त्याला जाळी असते. कडे जमिनीपासून १० फूट उंच. दोन्ही बाजूंना पाच-पाच मुली. चेंडू धरून पळता येत नाही. तो जमिनीवर आपटत न्यायचा, नाहीतर जोडीदारणीला द्यायचा. कड्यातून पडला की २ गुण. लांबून टाकला तर ३.

स्पर्धेत पुष्कळदा बाद पद्धत असते. हरला तो संघ घरी. समजा, ८ संघ आले. आधी ४ सामने, मग २, मग शेवटचा १. एकूण ७ झाले. चांगल्या मुली विद्यापीठाच्या संघात निवडतात. पुण्याच्या शिरीन लिमये तर भारताच्या महिला संघाच्या कर्णधार झाल्या.

सामना परगावी असला की आपल्याला घोर लागतो. त्यात गैर काही नाही. बरोबर कोण बाई आहेत, मुक्काम कुठे, परत कधी, हे कॉलेजात जाऊन विचारावे. नीट उत्तर मिळाले की पोरीला जाऊ द्यावे. घरातूनच अडवले, तर ती न खेळताच बाद होते.