ज्येष्ठांच्या आठवणी : आपल्या समाजाचा अलिखित इतिहास

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. त्या दिवशी जे तरुण वीस वर्षांचे होते, ते आज नव्वदीच्या घरात आहेत. धर्मांतराची बातमी वाई तालुक्यातील वस्त्यांपर्यंत कशी पोहोचली, घरातले देव कोणी उचलले, पहिली वंदना कोणाच्या अंगणात झाली, मेलेली जनावरे ओढण्याचे काम कधी बंद केले आणि त्यावर गावाने काय केले, हे स्वतः पाहिलेली माणसे आता थोडी उरली आहेत. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात आपण त्यांना श्रद्धांजली वाहतो. पण त्यांच्याजवळचे सांगणे त्यांच्याबरोबरच जाते. ते टिपून कसे ठेवावे, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

धम्माची परंपराच ऐकण्याची

ऐकीव माहितीला इतिहास कसे म्हणायचे, असा प्रश्न काही सुशिक्षित मंडळी विचारतात. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृह येथे पहिली संगीती भरली. तेथे उपालींनी विनय सांगितला आणि आनंदांनी धम्म सांगितला. पुढे काही शतके हे सारे भिक्खूंनी मुखोद्गत जपले. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात श्रीलंकेत, राजा वट्टगामणीच्या काळात, ते ताडपत्रांवर लिहिले गेले. सुत्ताच्या आरंभी आपण हे ऐकले आहे, असे सांगणारा सांगतो; भगवान त्या वेळी कोठे होते आणि कोणाशी बोलत होते, हेही सांगतो. कोणी, कोठे, कोणत्या प्रसंगी, ही नोंद म्हणजेच मौखिक इतिहासाची पहिली शिस्त होय.

आपल्या पूर्वजांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गावच्या शिवेचा तंटा निघाला की महाराची साक्ष महत्त्वाची मानली जाई. ज्यांना पाणवठ्यावर येऊ देत नसत, त्यांच्या स्मरणावर गावाची सीमा ठरत असे. जमिनीच्या बाबतीत आपली स्मृती प्रमाण होती. मग स्वतःच्या जीवनाबाबत ती अप्रमाण कशी?

आपल्या भागातील उदाहरणे

बाबासाहेबांचे विस्तृत चरित्र बारा खंडांत लिहिणारे चांगदेव भवानराव खैरमोडे यांचा जन्म १९०४ साली पाचवडचा. पाचवड आपल्याच जिल्ह्यातले. पहिला खंड १९५२ साली प्रसिद्ध झाला. कागदपत्रांबरोबर माणसांच्या आठवणीही त्यांनी चिकाटीने जमवल्या, म्हणून आज आपल्याला ते चरित्र वाचता येते. बाबासाहेबांनी स्वतःही हे काम केले आहे. १९०१ साली वडिलांना भेटण्यासाठी ती मुले मसूर स्टेशनवर उतरली. जात कळल्यावर दुप्पट भाडे घेऊनही गाडीवान गाडी हाकण्यास तयार नव्हता, आणि वाटेत पाणी मिळाले नाही. ही आपल्या जिल्ह्यातील हकीकत त्यांनी पुढे लिहून ठेवली, म्हणून ती जगाला माहीत झाली. अशा कितीतरी हकिकती न लिहिता राहिल्या असतील!

फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी घरच्यांपासून लपवून लिखाण केले. त्यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आले. ते एका बाईचे चरित्र असूनही साऱ्या वस्तीचा इतिहास आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतील वयस्क स्त्रियांना शोधून, त्यांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या. त्यातून १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ झाला. सभेला गेलेल्या, सत्याग्रहात उभ्या राहिलेल्या कितीतरी बायांची माहिती त्यामुळे वाचली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायांनी आपला इतिहास दळता दळता रचला होता.

परदेशातही हे घडले आहे. अमेरिकेत १९३६ ते १९३८ या काळात पूर्वी गुलाम असलेल्या दोन हजार तीनशेहून अधिक वृद्धांच्या मुलाखती शासकीय योजनेतून घेण्यात आल्या. मात्र विचारणारे बहुतेक गोरे होते, त्यामुळे पुष्कळ वृद्ध जपून बोलले, असे अभ्यासक सांगतात. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब शिकले, तेथेच अॅलन नेव्हिन्स यांनी १९४८ साली मौखिक इतिहासाचे स्वतंत्र काम सुरू केले. बोध असा की, विचारणारा कोण आहे यावर उत्तर अवलंबून असते. आपल्या आजी-आजोबांना विचारण्यास आपल्याइतके योग्य दुसरे कोणी नाही.

काम कसे करावे

पूर्वी यासाठी टेपरेकॉर्डर लागे. आता मोबाईल प्रत्येक घरात आहे. पंखा व टी.व्ही. बंद करून, फोन विमान मोडवर ठेवून सांगणाऱ्याच्या जवळ ठेवावा. सुरुवातीस तारीख, ठिकाण, सांगणाऱ्याचे व विचारणाऱ्याचे नाव मोठ्याने बोलावे. एका बैठकीत तासाभराहून अधिक ताण देऊ नये. घरी आल्यावर त्याच दिवशी दोन ठिकाणी प्रत करावी.

‘तुम्हाला त्रास झाला का?’ असे विचारले तर ‘झाला’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी पाणी कोठून आणत, घागरीत कोण ओतत असे, येसकराची भाकरी कोणत्या घरून येई, हाडकी-हाडोळ्याची जमीन कोणत्या शिवारात होती, वतने रद्द करणारा १९५८ चा कायदा आल्यावर तिचे काय झाले, मुंबईला पहिले कोण गेले आणि कोणत्या गिरणीत लागले, असे विचारावे. बायांना स्वतंत्रपणे विचारावे. पुरुष जवळ असले की त्या गप्प बसतात आणि पुरुषच उत्तरे देतात.

साल आठवत नसेल तर खुणा द्याव्यात. नाना पाटलांचे प्रतिसरकार, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ च्या दुष्काळातील खडी फोडण्याची कामे आणि सुकडी, धोम धरणाचे काम. ‘भूकंपाच्या आधी की नंतर?’ या एका प्रश्नाने पुष्कळ घटनांचा काळ लागतो. लिहून काढताना त्यांची भाषा शुद्ध करू नये. ‘व्हतं’ म्हणाले तर ‘व्हतं’च लिहावे.

ऐकलेले तपासावे

कालाम सुत्तात केवळ ऐकले म्हणून मानू नका, असा उपदेश आहे. महापरिनिब्बान सुत्तातही कोणी काही सांगितले तर ते लगेच स्वीकारू नये, लगेच धिक्कारूही नये, ताडून पाहावे, असे तथागत सांगतात. बँकेच्या कामात व्हाउचरशिवाय खतावणीत रक्कम चढत नाही. आठवणींची व्हाउचरे म्हणजे शाळेचा दाखला, सात-बारा, जुनी पत्रे, फोटोमागची तारीख आणि दुसऱ्या माणसाची साक्ष.

पण कागद नेहमी खराच असतो असेही नाही. दाखल्यावर १ जून जन्मतारीख असलेले आपल्यात किती जण आहेत, पाहा! ती तारीख गुरुजींनी घातलेली. आईला मात्र ‘सुगीच्या दिवसांत झाला’ एवढे पक्के आठवते. येथे आईच अधिक विश्वसनीय. दोन्ही जुळत नसतील तर दोन्ही लिहून ठेवावीत, एक खोडू नये.

संमती आणि संकोच

हा भाग सर्वांत नाजूक आहे. शिकलेल्या मुलांना वाटते की येसकरकी, मेलेली जनावरे, मागून आणलेली भाकरी हे सारे आता कशाला उकरायचे? नातवंडांच्या सोयरिकीत अडचण येईल, अशीही भीती असते. ही भीती खोटी नाही. म्हणून रेकॉर्ड करण्यापूर्वी विचारावे, काय छापायचे व काय घरातच ठेवायचे ते त्यांना ठरवू द्यावे आणि नाव नको म्हटले तर नाव घालू नये. परंतु लाज कोणाची, हे मुलांना एकदा नीट समजावले पाहिजे. ज्यांनी दारात उभे केले, लाज त्यांची आहे. ज्यांनी त्या भाकरीवर मुले जगवली आणि शाळेत घातली, त्यांची नाही.

ज्या वाईतून मराठी विश्वकोशाचे खंड तयार झाले, त्या वाईत राहून आपण आपली स्मृती कोरी ठेवणे शोभणारे नाही. विश्वकोशात आपल्या आळीतील आजीची हकीकत येणार नाही. ते काम त्याचे नव्हे, आपले आहे. या वर्षावासात प्रत्येक घराने आपल्या सर्वांत वडील माणसाजवळ एक तास बसावे आणि त्याची एक प्रत विहारात जमा करावी. विहारात त्यासाठी एक कपाट व एक नोंदवही ठेवली, तर पुढच्या पिढीला आपला इतिहास दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागणार नाही.

जय भीम!