कारखाना एमआयडीसीत, नशा दप्तरात

ऑक्टोबर 2023 मध्ये पैठणचं नाव देशभरच्या बातम्यांत झळकलं, पण ते पैठणीमुळे नाही आणि नाथषष्ठीमुळेही नाही. महसूल गुप्तचर संचालनालय आणि अहमदाबादची गुन्हे शाखा यांनी छत्रपती संभाजीनगरात आणि पैठणच्या एमआयडीसीत छापे घातले. पैठणच्या एका कारखान्यात मेफेड्रोन आणि केटामाइन सापडलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत इथल्याच आणखी एका कारखान्यातून 107 लिटर द्रवरूप मेफेड्रोन जप्त झालं. त्याची किंमत 160 कोटी रुपये सांगितली गेली. हे मेफेड्रोन म्हणजेच पोरांच्या तोंडी असलेलं ‘एमडी’.

गावातल्या एका घरात तेव्हा रात्रीच्या जेवणाला हाच विषय होता. वडील बातमी वाचून दाखवत होते, आई वाढत होती, नववीतला मुलगा खाली मान घालून जेवत होता. एमडी त्याने कधी डोळ्यांनीही पाहिलं नव्हतं. पण त्याच्या दप्तरात त्या वेळी व्हाइटनरची बाटली होती.

नाव छापायचं नाही या अटीवर ही आई आज इतर पालकांशी मोकळेपणाने बोलते. “कोटींच्या मालाकडे पोलीस बघतील, असं म्हणून आम्ही निवांत झालो. वीस-तीस रुपयांची बाटली आमच्याच घरात होती, तिच्याकडे कोण बघणार?” असं ती विचारते. शाळेच्या यादीतली, वह्या-पेनांसोबत आलेली वस्तू. तिचा संशय कुणाला येणार?

खुणा मात्र होत्या. मुलाचा रुमाल पापडासारखा कडक व्हायचा आणि त्यावर पांढरे डाग असायचे. शर्टाच्या बाहीला रंगाच्या दुकानात येतो तसा उग्र वास यायचा. नाकाखाली आणि ओठांभोवती लाल चट्टे उठले होते. शाळेतून आला की तो झोपून जायचा. शिकवणीची फी एका महिन्यात दोनदा मागितली गेली. ज्यांच्यासोबत लहानपणापासून क्रिकेट खेळला, ती पोरं घरी येईनाशी झाली, आणि नव्या मित्रांचं नाव विचारलं की तो चिडायचा.

प्रत्येक खुणेला घरात उत्तर तयार होतं. डाग चित्रकलेच्या तासाचे, चट्टे उन्हाचे, झोप वाढत्या वयाची, चिडचिड तर काय, सगळ्याच पोरांची. एकेक गोष्ट सुटी होती म्हणून पटत गेली. शेवटी वर्गशिक्षक घरी आले आणि म्हणाले, “काही दिवसांपासून याची जीभ जड होतेय. वर्गात तोल जातो.” तेव्हा कुठे सगळ्या खुणा एका माळेत आल्या.

हा प्रकार एकट्यादुकट्या घरातला नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’ने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल 2019 मध्ये आला. हुंगायच्या नशेचं प्रमाण प्रौढांत 0.58 टक्के, तर 10 ते 17 वयाच्या मुलांत 1.17 टक्के निघालं. प्रौढांपेक्षा मुलांचं प्रमाण जास्त असलेला नशेचा हा एकच प्रकार. कारण साधं आहे. व्हाइटनर, पंक्चरचं सोल्युशन, थिनर या वस्तू स्वस्त आहेत, सहज मिळतात आणि त्यांना कुणी नशा म्हणत नाही. धोका मात्र मोठा आहे. या वाफांनी हृदयाचे ठोके एकाएकी बिघडू शकतात, आणि पहिल्याच वेळी मृत्यू ओढवल्याची उदाहरणं वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. म्हणून मूल हुंगताना सापडलं तर त्याच्यावर धावून जाऊ नये, त्याला पळायला लावू नये. आधी शांतपणे मोकळ्या हवेत बसवावं. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवून 108 ला फोन करावा.

प्रत्येक नशेच्या खुणा वेगळ्या. झोपेच्या गोळ्या, ज्यांना संभाजीनगरात पोरं ‘बटन’ म्हणतात, त्या घेतल्या की बोलणं अडखळतं, चाल डगमगते, कालचं आज आठवत नाही. गांजाने डोळे लाल होतात, भूक खवळते. खिशात पातळ कागद किंवा डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली सापडते. एमडीची तऱ्हा उलटी. रात्र रात्र झोप नाही, जेवणावरून मन उडालेलं, दात आवळलेले, बाहुल्या मोठ्या, आणि उतरल्यावर दोन दिवस अंथरुणात. दारूचा वास लपवायला बडीशेप, वेलची, च्युइंगम येतं. यातली एखादी खूण दिसली म्हणजे मूल नशा करतं असं नाही. तीन-चार खुणा एकत्र दिसल्या, त्यात पैशांचा हिशेब लागेना, अभ्यास घसरला आणि मित्र बदलले, तर वाट पाहू नये.

मग करायचं काय?

या घरात पहिल्या दिवशी वडिलांचा हात उठला. मुलगा निघून गेला आणि रात्री उशिरा गोदावरीच्या घाटावर सापडला. दुसऱ्या दिवशी मामा आले. त्यांनी काहीच न विचारता भाच्याला सोबत घेऊन जेवण केलं, आणि मग एवढंच म्हणाले, “किती दिवसांपासून चाललंय? खरं सांग, कुणी मारणार नाही.” मुलाने सगळं सांगितलं. आई आता इतरांना हेच सांगते: नशा चढलेली असताना बोलू नका, चारचौघांत बोलू नका, शपथा घालू नका. मूल शुद्धीवर असताना, घरातलं ज्याच्याशी त्याचं पटतं त्याने, जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच समोर ठेवून विचारावं.

एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. गोळ्यांची किंवा दारूची सवय जुनी असेल तर ‘आजपासून बंद’ म्हणून खोलीत कोंडू नये. अशी नशा एकदम थांबली की झटके येऊ शकतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी लागते.

डॉक्टरांकडे जायला पाय अडतो तो ‘लोक काय म्हणतील’ यापाशी. महाराष्ट्रात ही भीड मोडण्याचं मोठं काम डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी केलं. गर्दने, म्हणजे ब्राउन शुगरने, पोखरलेल्या तरुणांवर अनिल अवचटांनी लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले, आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात मुक्तांगण सुरू झालं. व्यसन हा आजार आहे आणि उपचार घरच्यांनाही हवेत, हा विचार तिथून हजारो कुटुंबांपर्यंत गेला. कायद्यानेही दार उघडं ठेवलं आहे: अमली पदार्थ कायद्याच्या कलम 64-अ नुसार, थोड्या प्रमाणात बाळगणारा किंवा सेवन करणारा व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊ लागला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं.

आधीच आळा घालण्याबाबत आइसलँडचा अनुभव सांगण्याजोगा आहे. तिथे 1998 मध्ये 15-16 वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्के मागच्या महिनाभरात दारू पिऊन झिंगलेली होती. 2016 पर्यंत हे प्रमाण 5 टक्क्यांवर आलं. नुसत्या भाषणांवर तो देश थांबला नाही. मुलांना खेळ, संगीत, कला यांसाठी पैसे दिले, रात्री उशिरा बाहेर राहण्यावर बंधन आणलं आणि पालकांकडून लेखी करार करून घेतले: मुलांसोबत वेळ घालवू, त्यांचे मित्र ओळखू, त्यांना दारू आणून देणार नाही.

यातलं बरंच पैठणमध्ये, बिडकीनमध्ये, कुठल्याही गावात जमण्यासारखं आहे. मुलाच्या पाच मित्रांची नावं आणि त्यांच्या आई-वडिलांचे नंबर जवळ असावेत. संध्याकाळचं एक जेवण मोबाइल बाजूला ठेवून एकत्र व्हावं. आजीच्या झोपेच्या गोळ्या कुलपात असाव्यात, मोजलेल्या असाव्यात. आणि ‘जा रे, टपरीवरून पुडी घेऊन ये’ असं पोराला कधीही सांगू नये. टपरीवाल्याची ओळख तिथूनच होते. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे. मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला बालन्याय कायद्याच्या कलम 77 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. चार पालकांनी मिळून शाळेकडे आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला, तर तो एकट्याच्या तक्रारीसारखा बाजूला पडत नाही.

व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदतवाहिनी 14446 आहे, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस 14416, आणि मूल संकटात असेल तर 1098. संभाजीनगरला सरकारी घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. जाताना मुलाचं वय, काय घेतो याचा अंदाज, बदल कधीपासून दिसतो आणि सध्या कोणती औषधं चालू आहेत, हे कागदावर लिहून न्यावं. मूल यायला तयार नसेल तरी आई-वडिलांनी आधी स्वतः जावं. या घरातही तसंच झालं: आधी नवरा-बायको दोघंच समुपदेशकाला भेटून आले, घरी बोलायचं कसं हे शिकले, आणि काही दिवसांनी मुलगा मामांसोबत एसटीने निघाला.