कामगारांचा वकील कसे व्हावे?



नीरा-भीमेच्या संगमावरील आपल्या नरसिंहपूर परिसरातील मुले बारामती, इंदापूरच्या कारखान्यांत कामाला जातात. तोंडी हुकुमाने कामावरून कमी केले, तर दाद कोठे मागावी हे पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून आपल्यातून कामगार कायद्याचे वकील घडले पाहिजेत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली मुंबईत वकिली सुरू केली. १९३८ मध्ये संपाच्या हक्कावर घाला घालणाऱ्या औद्योगिक विवाद विधेयकाला त्यांनी विधिमंडळात विरोध केला आणि ७ नोव्हेंबरच्या संपात ते कामगारांच्या बाजूने उभे राहिले.

बारावीनंतर पाच किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा. सनद घ्यावी, अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावे आणि एखाद्या लहान कार्यालयात उमेदवारी करावी. पक्षकाराची हकीकत ऐकणे, हजेरी व पगाराचे कागद जुळवणे, अर्ज लिहिणे ही सर्व कामे तेथे हातून जातात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. बडतर्फीविरुद्धचा अर्ज आता दोन वर्षांत न्यायाधिकरणापुढे जावा लागतो. पूर्वी तीन वर्षे मिळत. तेथे वकिलाला उभे राहण्यास दुसऱ्या पक्षाची संमती व न्यायाधिकरणाची परवानगी लागते. म्हणून वेळीच दिलेला सल्ला आणि नेमके लिहिलेला अर्ज यांतच खरा कस लागतो.

मुदत टळली की न्याय बाजूला राहतो आणि एका घराची चूल विझते. हे ज्याला कळले, त्यानेच या व्यवसायात यावे.