साथ सर्वत्र सारखी का पसरत नाही?

विषाणूला जात किंवा श्रीमंती कळत नाही, असे म्हटले जाते. हे विधान खरे आहे. परंतु त्यावरून साथ सर्वांना सारखीच गाठते असा निष्कर्ष काढल्यास तो चुकीचा ठरेल.

१९१८ च्या जूनमध्ये इन्फ्लुएंझाची साथ मुंबईत पोहोचली. पावसाळ्यानंतरची तिची दुसरी लाट अतिशय प्राणघातक ठरली. मुंबईतील तत्कालीन नोंदींनुसार दर हजारी मृत्यूंचे प्रमाण युरोपियनांमध्ये ८.३, पारशांमध्ये ९, मुसलमानांमध्ये १९.२ होते, ज्यांचा उल्लेख त्या नोंदींत ‘खालच्या जातीचे हिंदू’ असा होतो, त्यांच्यामध्ये मात्र ते ६१.६ होते. नागपूर आणि रायपूर ज्यात मोडत, त्या मध्य प्रांताला साथीचा तडाखा फार मोठा बसला. बंगालला त्या मानाने कमी. त्या वर्षी पाऊस फसला होता व धान्य महागले होते.

येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. मृत्यूचे प्रमाण म्हणजे प्रसाराचे प्रमाण नव्हे. किती जणांना लागण झाली, हा एक प्रश्न. लागण झालेल्यांपैकी किती दगावले, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर अन्न, शुश्रूषा आणि विश्रांती यांवर बरेच अवलंबून असते.

प्रसारही विषमच असतो, याचा पुरावा मुंबईतच शंभर वर्षांनंतर मिळाला. जुलै २०२० मध्ये तीन विभागांतील सुमारे ७,००० व्यक्तींचे रक्त तपासले गेले. कोरोना विषाणूविरोधी प्रतिपिंडे झोपडपट्ट्यांतील सुमारे ५७ टक्के लोकांत आढळली. इतर वस्त्यांत हे प्रमाण १६ टक्के होते. शहर एकच, विषाणू एकच. परंतु एका खोलीत दाटीने राहणे व सामायिक शौचालय वापरणे यांमुळे एका रोग्याचा संपर्क कित्येक पटींनी वाढतो.

दुसरे कारण प्रतिकारशक्तीच्या वाटणीत आहे. गोवराचा एक रोगी, कोणीच सुरक्षित नसलेल्या समाजात, १२ ते १८ जणांना रोग देतो. ही संख्या १५ धरू. आता ब्राह्मणपाऱ्यासारखे सारख्या लोकसंख्येचे दहा पारे असलेले एक शहर कल्पावे. नऊ पाऱ्यांत ९८ टक्के आणि दहाव्यात ६० टक्के लोक सुरक्षित आहेत. शहराची सरासरी ९४ टक्क्यांहून अधिक भरते व ती समाधानकारक वाटते. परंतु नऊ पाऱ्यांत एका रोग्यामागे सरासरी ०.३ नवे रोगी होतील आणि साथ विझेल. दहाव्यात ६ होतील आणि ती भडकेल. सरासरी खोटी नसते. ती केवळ दहावा पारा झाकून टाकते. २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी भागात गोवर उसळला, तेव्हा लस न मिळालेल्या बालकांचा प्रश्न असाच उघड झाला.

तिसरे कारण व्यक्तिव्यक्तींमधील फरकाचे आहे. २००३ च्या सार्स साथीत बहुतेक रोग्यांनी कोणालाही रोग दिला नाही, तर थोड्यांनी अनेकांना दिला. त्यामुळे दोन सारख्या गावांपैकी एक केवळ योगायोगाने बचावू शकते.

या विषमतेचा अर्थ नीट न समजल्यास समाज रोगग्रस्त वस्तीलाच दोषी ठरवतो. अर्थ समजल्यास मात्र तीच विषमता उपायाची दिशा दाखवते. देवीच्या निर्मूलनात सरसकट लसीकरणावर विसंबून न राहता रोगी शोधणे व त्याच्या भोवतीच्या लोकांना तातडीने टोचणे, ही पद्धत अवलंबिली गेली. मे १९७५ मध्ये भारतात देवीचा शेवटचा रोगी आढळला. साथ जेथे टिकून राहते तेथे प्रथम पोहोचणे, हाच या यशाचा धडा होय.